हात बसेपर्यंत

“आप्पा, बोलू नका. श्वास आत घ्या आन् तसाच धरा.”

मंजुश्रीने डाव्या हाताचं मधलं बोट वडिलांच्या उघड्या पाठीवर आडवं टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर दोनदा टकटक केलं. बेळगावच्या वडगावातला करंट नुकताच गेला होता. गल्लीभर खडखडणारे माग एकदम मुके झाले होते. एवढी शांतता या गल्लीत फक्त करंट गेल्यावरच मिळते, आणि मंजुश्री तिच्यावर टपूनच असायची. माग थांबले की बाकीचे चहाचं आधण ठेवत, ही मात्र कुणाची पाठ मोकळी आहे ते शोधत फिरे. बहुतेक वेळा ती वडिलांची, यल्लाप्पाचीच असे.

“पोकळ,” ती पुटपुटली. “पोकळ. हितंबी पोकळ.”

बोट सरकत उजव्या खांद्याखाली आलं आणि थांबलं. तिने पुन्हा ठोका मारला. मग डाव्या खांद्याखाली मारून पाहिला आणि परत उजवीकडे आली.

“काय गं, काय झालं?” यल्लाप्पाने विचारलं.

“काय न्हाय. हितं पोकळ याय पायजे. मला भरीव येतंय.” ती बोट चोळत समोर येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता. “माझाच हात चुकतोय, आप्पा. सरबी म्हन्ले परवा सगळ्यांसमोर, तू नुसती टिचक्या मारतीस. पंधरा दिवसांवर प्रॅक्टिकल आलंय आन् मला साधा फुप्फुसाचा आवाज काढाय येत न्हाय.”

यल्लाप्पाने सदरा अंगात चढवला. बटणं लावायला त्याला जरा वेळच लागला.

“व्हय,” तो म्हणाला, “हात बसला न्हाय तुझा अजून. मागावर माझा हात बसाय दोन वर्सं गेली. तुझंबी बसंल.”

तो खोटं बोलला. लेकीचा हात बरोबर होता आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. त्या खांद्याखाली गणपतीपासून काहीतरी बसलं होतं. संध्याकाळ झाली की अंगात कणकण येई, खोकला आला की त्याच जागी कळ उठे, आणि दोन-चार वेळा नळावर तोंड धुताना थुंकीत लाल धागा दिसला होता. त्या दिवसापासून यल्लाप्पा पान खायला लागला. जन्मात ज्याने सुपारी तोंडात टाकली नाही, तो माणूस सकाळी उठल्याबरोबर चुना-कात मागतो म्हटल्यावर त्याच्या बायकोने, यशोदाबाईंनी, डोक्याला हात लावला. “सुनंला दिवस गेलेत आन् सासऱ्याला डोहाळे लागलेत,” असं त्या शेजारणींना सांगत. शेजारणी हसत, यल्लाप्पाही हसे. पान खाणाऱ्याची थुंकी लालच असते. तिच्याकडे कोण बघतंय?

मंजुश्री विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकत होती. घरात त्याला सगळे ‘फिजिओ’ म्हणत. वर्ग इंग्रजीत चाले, अडलं तर सर कानडीत समजावत, आणि रोज संध्याकाळी सिटी बसमधून उतरली की ही ते सगळं मराठीत आणून घरच्यांच्या अंगावर तपासून बघे. गुडघ्यावर हातोडी मारताना यशोदाबाईंचा पाय असा उडाला की समोरची कपबशी फुटली. भाऊ सूरज याच्या डोळ्यांत बॅटरी मारून मारून तिने त्याला घराबाहेर पळवला होता. वहिनीची, रक्षाची, नाडी ती येता-जाता धरायची. रक्षाला पाचवा महिना लागला होता, म्हणून तिला हात लावायला मंजुश्रीला जरा भीती वाटे. नाडीपुढे ती जात नसे. यल्लाप्पाला मात्र ती ‘माझं पुस्तक’ म्हणायची. या शब्दाचा त्याला केवढा अभिमान. तीन पिढ्या साड्या विणण्यात गेलेल्या घरातलं हे पहिलंच पुस्तक होतं आणि ते तो स्वतः होता.

ठोक्याचं शास्त्रही तिनेच त्याला समजावलं होतं. फणस पिकलाय का ते आपण थाप मारून बघतो, तसंच हे. आत हवा असली तर पोकळ वाजतं, हवेच्या जागी दुसरं काही भरलं असलं तर भरीव.

“मग भरीव वाजलं तर आजार कुठला, ते कसं कळतं?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

“ते यंदा न्हाय. यंदा आमास्नी निरोगी माणूसच शिकवत्यात, आप्पा. आजारी माणूस फुडच्या वर्साला.”

यल्लाप्पाने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. हे वर्ष आपण निरोगी राहायचं. तिची परीक्षा होऊ दे, रक्षाचं बाळंतपण होऊ दे, मग दवाखान्याची पायरी चढू. त्याला आजाराची भीती नव्हती असं नाही, पण त्याहून भीती नावाची होती. त्याचा बाप भरमू, घरादाराचा आण्णा, याच मागाच्या खोलीत खोकून खोकून गेला. ‘छातीचा आजार’ एवढंच घरात म्हणायचे, पुढचा शब्द कुणी उच्चारत नसे. गल्लीला मात्र तो शब्द बरोबर कळला. यल्लाप्पाची बहीण जयाबाई हिचं हिंडलग्याला ठरलेलं लग्न मोडलं. लोक दारात उभे राहून बोलत, आत येऊन पाणी घेत नसत. आता आपल्या मंजूच्या बाबतीत पुन्हा तेच? ती कल्पनाच त्याला सहन होत नव्हती.

आता इथे धोट्याची गोष्ट सांगायला हवी. मागावर आडवा धागा टाकतो तो धोटा, हे बेळगावात शाळकरी पोरालाही माहीत असतं. लाकडी, होडीसारखा, पोटात सुताची कांडी. कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं, आणि ते काढायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा. धागा सुळकन बाहेर येतो. यल्लाप्पाच्या घरी याला ‘दम मारणं’ म्हणत. चिलमीला मारतात तसाच. दिवसभरात असे किती दम मारले जात त्याला गणती नाही. धोटा कुणाचा, ओठ कुणाचे, हे कुणी बघत नसे. जो मागाजवळ असेल तो मारी.

यल्लाप्पाचा दम नावाजलेला होता. तरुणपणी शेजारचा मारुतीराव आणि तो पैजा लावत आणि मारुतीराव हरे. पण गणपतीपासून तो दम कुठे गेला कळेना. ओठ लावून ओढलं की छातीत बारीक घुंगरं वाजत आणि धागा अर्ध्या वाटेत अडके. मग तो रक्षाला हाक मारी, “दोरा गुततोय गं, तू बघ जरा.” रक्षा बोरगावची, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्यांच्या घरातली. लग्नाआधी तिने मागही जवळून पाहिला नव्हता. पण दोन वर्षांत दम मारण्यात ती तरबेज झाली होती. सासऱ्याच्या हातातून ओला धोटा घ्यायची, पदराला पुसल्यासारखा करायची आणि त्याच भोकाला ओठ लावून राहिलेला धागा ओढून द्यायची. “तुमी बसा, मामा,” म्हणायची. यल्लाप्पा बसायचा.

अलीकडे ती थोडी खोकायची. धूळ बाधली, असं यशोदाबाई म्हणत. दिवस गेलेले असूनही पोर सुकत चालली होती, तर ‘अन्न लागत नाही तिला, पहिलटकरीण आहे,’ असंही त्याच म्हणत.

खंडेनवमीला माग बंद असतात. त्या दिवशी सकाळी यल्लाप्पा अंगणात धोटे धूत बसला होता. पूजेसाठी ते परातीत ओळीने मांडायचे, हळदकुंकू वाहायचं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नव्या साडीचा पहिला धोटा घरातल्या कर्त्याने दम मारून चालवायचा आणि मग तोच धोटा घरातल्या प्रत्येकाच्या हाती जायचा. प्रत्येकाने एकेक दम मारायचा. प्रसादासारखा. भरमूने तो धोटा यल्लाप्पाला असाच दिला होता, तेव्हा भरमूला उभंही राहवत नव्हतं. खाटेवर बसून त्याने ओठ लावले होते.

मंजुश्री बाजूला झेंडू ओवत होती. कॉलेजला सुट्टी होती आणि तिला बोलायचं होतं.

“काल काय झालं सांगू? आमच्याकडं फुंकायचं यंत्र हाय. नळी तोंडात धरून जोरात फुंकायचं, मग किती हवा मावती ते कळतं. माझी मैत्रीण फुंकून उठली आन् मी गडबडीत तिच्याच नळीला तोंड लावाय गेले. सरांनी हातातनं हिसकून घेतली. नळी गेली कचऱ्यात आन् मला अर्धा तास उभं केलं.”

“एवढं काय सोनं लागलतं त्या नळीला?” यशोदाबाईंनी आतून विचारलं.

“सोनं न्हाय गं आई. म्हन्ले, एकाच्या छातीतलं दुसऱ्याच्या छातीत जातं. वाफेतनं, थुंकीतनं. कुणाला काय असंल, सांगता येतं का? प्रत्येकाला नवी नळी.” मंजुश्री हसली. “मी मनात म्हन्लं, सर, तुमी आमच्या घरी याच एकदा.”

यशोदाबाईही हसल्या. “तुझ्या सरास्नी म्हणावं, यिऊन माग चालवून दाखवा.”

यल्लाप्पा हसला नाही. त्याच्या हातात बापाचा धोटा होता. चिंचेने घासून भोकाची पितळी कड चकचकीत केली होती आणि भोकाभोवतीचं लाकूड ओठांनी झिजून खोलगट झालेलं होतं. इतकी वर्षं तो समजत होता की हा आजार आपल्याला बापाच्या रक्तातून आला, कपाळी होता म्हणून आला. रक्तातून आला नव्हता. खाटेवर बसलेल्या बापाने तो धोट्यातून हातात ठेवला होता. आणि आपण? गणपतीपासून आपण काय करतोय?

आत रक्षा खोकली.

हे तिथल्या तिथे मंजुश्रीला सांगायला हवं होतं. लेक समोर बसली होती, शब्द ओठांवर आला होता. पण झेंडू ओवताना ती तोंडाने हाडांची इंग्रजी नावं घोकत होती, आणि माणसाला वाटतं की अजून एक दिवस आहे. यल्लाप्पा उठला आणि मागच्या दारी रक्षा तांदूळ निवडत होती तिकडे गेला. तिच्यापासून लांब, भिंतीला टेकून उभा राहिला.

“रक्षा, उद्या तू धोटा घ्यायचा न्हाय.”

तिने वर पाहिलं. “का मामा?”

“न्हाय घ्यायचा. सांगितलं न्हवं?”

“माझ्या हातनं काय चुकलं का?”

“न्हाय गं पोरी.”

“मग? गेल्या साली घेतला की मी. औंदा तर सगळी म्हन्त्यात, दोन जिवांची हाय, तिचा मान पयला.” तिचे डोळे भरले. “आमी तंबाखूतली म्हणून का?”

यल्लाप्पा नुसता मान हलवत राहिला आणि नळावर जाऊन उगाच तोंड धुऊन आला.

दसऱ्याची सकाळ. मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढला होता, मोरपंखी रंगाचा. मागाला आंब्याचं तोरण, खाली पणती. सूरज निपाणीच्या व्यापाऱ्याला नमुना द्यायला गेला होता तो रात्रीच परतला होता आणि नवा शर्ट घालून उभा होता. यल्लाप्पाने बापाचा धोटा हातात घेतला. ओठ लावण्यापूर्वी त्याने सगळ्यांकडे पाठ केली. मग कडोसरीला दडवलेली वाकडी तार काढून तिच्या टोकाने धागा बाहेर ओढला. गुपचूप, चोरी केल्यासारखा. माग एकदा चालवला, थांबवला. नवी कांडी घातली.

“द्या हिकडं,” यशोदाबाई म्हणाल्या आणि त्याच्या हातातून धोटा घेतला. “रुसून बसलीया ती कालपास्नं. घे गं रक्षा. ह्यांचं काय मनावर घिऊ नगंस. तुझ्या तोंडचा धोटा म्हंजे लक्ष्मीचा.”

रक्षाने पदर सावरला, सासऱ्याकडे एकदा पाहिलं आणि धोटा ओठांकडे नेला. ज्या धोट्याला आज यल्लाप्पाचे ओठ लागले नव्हते, त्याला गणपतीपासून महिनाभर लागले होते. हे सगळं त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याच्या हाताने वाट पाहिली नाही. त्याने तो धोटा तिच्या हातातून हिसकून घेतला. पणती उलटली, तेल सांडलं.

“आप्पा!” सूरज ओरडला.

“मंजू, हिकडं ये,” यल्लाप्पा म्हणाला. सदऱ्याची बटणं तो सोडत होता. “ठोक हितं.”

“आत्ता? सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोरच.”

तो पाठ करून बसला. मंजुश्रीने आईकडे पाहिलं, मग बोट टेकवलं. माग बंद होते. पोकळ. पोकळ. उजव्या खांद्याखाली ठोका पडला आणि तो सगळ्यांनाच वेगळा ऐकू आला.

“काय वाजलं?”

“भरीव.”

“त्या दिवशीबी हेच वाजलं न्हवं?”

“व्हय.”

“मग तुझा हात बसलाय, पोरी. तुझा हात चुकला न्हवता. मी खोटं बोललो.” आज त्याने पान खाल्लं नव्हतं. खोकला आला तेव्हा त्याने खिशातला पांढरा रुमाल तोंडाला लावला आणि मग तो सगळ्यांना दिसेल असा पाटावर ठेवला. “आण्णाला झालतं तेच हाय. धोट्यातनं आलं.”

मंजुश्री रुमालाकडे बघत राहिली. तिला रडू फुटेल असं यल्लाप्पाला वाटलं होतं, पण तिची नजर रुमालावरून उठली ती बापावर थांबलीच नाही. ती सरळ रक्षाकडे गेली.

“वैनी,” ती हळू आवाजात म्हणाली, “जरा पाठ कर माझ्याकडं.”

रक्षा पाठ करून बसली. मंजुश्रीने बोट टेकवलं आणि तेवढ्यात शेजारी मारुतीरावाचे माग सुरू झाले. मुहूर्ताचे. पाठोपाठ पलीकडचे, मग समोरचे. बघता बघता सगळी गल्ली खडखडू लागली. मंजुश्रीने दोन-तीन ठोके मारले, कान पाठीजवळ नेला.

“आप्पा, मला काय ऐकाय येत न्हाय.”

यल्लाप्पा तसाच उघड्या अंगाने बाहेर गेला. मारुतीराव दारातच होता, कपाळाला गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा.

“मारुतीराव, माग जरा थांबवा.”

“खुळा का काय रं? मुहूर्ताचा माग कोण थांबवतं व्हय? वरीसभराचा अपशकुन.”

“माझ्या छातीत आण्णाचा आजार हाय,” यल्लाप्पा म्हणाला. आयुष्यभर गिळलेला शब्दही मग त्याने उच्चारला, क्षय. मागाच्या आवाजावर जावा म्हणून मोठ्यानेच उच्चारावा लागला. “सुनंच्या छातीत गेलाय का ते पोरीला ऐकायचंय. थांबवा.”

मारुतीराव एक पाऊल मागे सरला. पेढ्यांचा पुडा त्याने नकळत छातीशी धरला. मग आत जाऊन त्याने बटण बंद केलं. यल्लाप्पा पुढच्या दारी गेला, तिथेही तेच सांगितलं. मग पुढच्या. कुणी दार लोटून घेतलं, कुणी त्याच्याकडे न बघता मान हलवली. पण माग एकेक करत थांबले. भर दसऱ्याच्या सकाळी गल्ली करंट गेल्यासारखी गप्प झाली.

तो परत आला तेव्हा उंबऱ्यातच थांबला. आत जायचा धीर झाला नाही. बापाचा धोटा अजून त्याच्या मुठीत होता. त्याने पाठ फिरवली आणि लेकीच्या बोटाकडे कान लावला.

टक टक. पोकळ. इतक्या दिवसांत त्यालाही तो आवाज ओळखू येत होता. टक टक. पोकळ. डावीकडे पोकळ. खाली पोकळ. यल्लाप्पाने डोळे मिटले. देवाचं नाव घ्यावं हेही त्याला सुचलं नाही. बोट सरकत सरकत उजव्या खांद्याकडे चाललं होतं, ते त्याला न बघताही कळत होतं.

टक टक.

मंजुश्री थांबली. मग तिने पुन्हा त्याच जागी ठोका मारला. डावीकडे मारून पाहिला, परत उजवीकडे आली. रक्षाने काय झालं म्हणून विचारलं. यल्लाप्पा उंबऱ्यात उभा राहून वाट बघत होता, ‘माझाच हात चुकतोय’ असं ती आता म्हणेल म्हणून. ती तसं म्हणाली नाही.